‘ऑफरोड कधी नेलीच नाही हो!’

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, विकायला काढणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे, आणि या जमातीने सध्या माझं डोकं उठवलंय. घरात एक सरळमार्गी गाडी आहे, तिची काही तक्रार नाही. मला दुसरी हवी आहे ती चिखलात घालायला, दगडगोट्यांवरून न्यायला, खरचटली तरी जीव जाणार नाही अशी. म्हणून जुनी. एवढीच अपेक्षा. पण कुठलीही जाहिरात उघडा, वाक्य ठरलेलं: ‘एकहाती वापर, ऑफरोड कधीच नेलेली नाही.’

अहो, मग पुढच्या बंपरवर अडकलेली गाडी ओढून काढायची विंच कशाला बसवलीय? कपडे वाळत घालायला? इंजिनाने पाणी ओढू नये म्हणून हवेची नळी छतापर्यंत वर नेलीय, ती काय सिग्नलला उभं राहायला? इंजिनाखालच्या स्किड प्लेटला असे पोचे आलेत की कुणीतरी घणाने बडवलीय असं वाटावं, आणि मालक शांतपणे सांगतात, ‘स्पीडब्रेकर लागला असेल.’

एका ठिकाणी ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग लख्ख, नुकताच धुतलेला. शेवटचा वीतभर तुकडा मात्र तपकिरी, कडक, आणि बोट घासलं तर भुगा पडतोय. गाडी धुणारे सगळं धुतात, पण गुंडाळीच्या आतला पट्टा ओढून कोणी धूत नाही. पट्ट्याची गुंडाळी असते खांबाच्या तळाशी, म्हणजे पाणी निदान तिथवर आलं होतं. मी विचारलं तर म्हणे, ‘मुलाने चॉकलेट सांडलं असेल.’ काय राव! मागच्या दिव्याच्या काचेतही गाळाची रेघ होती. तिथेही मुलगाच चॉकलेट खात बसला होता का?

खोटं बोला, पण निदान जरा अभ्यास करून बोला. पाण्यात गेलेली गाडी लपत नाही. डिफरन्शियल, म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा, चालून गरम झालेला असतो, तो थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. वरची श्वासनळी तुंबलेली किंवा तुटलेली असली, तर तो सीलमधून पाणी आत ओढून घेतो. मग ऑइल दुधाळ होतं. भरायचा बोल्ट काढून बोट घातलं की दिसतं. पण बोल्टला हात लावू देतील तर ना! ‘उघडलं की सील खराब होतं साहेब.’ ऑइल बदलायला काय मंत्र म्हणून उघडता का तो?

आणि गंमत म्हणजे एखादा खरंच खरं बोलत असतो. गाडी कधीच रस्ता सोडून गेलेली नसते. ती आणखी वाईट! फोर बाय फोर लावायचा दुसरा लीव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो. लो रेंज, म्हणजे चढा-चिखलातला सावकाश पण जोरदार गिअर, टाकायला गेलं की तो सिमेंटमध्ये पुरल्यासारखा घट्ट. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं ऑइल कारखान्यातून निघालं तेव्हाचंच. पुढच्या चाकांचे हब गंजून बसलेले. मग मी पैसे कशाचे मोजायचे, उंच सीटचे? फोर बाय फोर चालत नसेल तर ती नुसती जड आणि तेल पिणारी गाडी आहे. तसली घ्यायची असती तर मी इतकं तंगडतोड कशाला केलं असतं?

यावर कडी केली एका पठ्ठ्याने. ‘फोर बाय फोर चालते की नाही’ असं विचारल्यावर बसा म्हणाला, कोरड्या खडखडीत काँक्रीटवर फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, टाकली आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवायला लागला. पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे फक्त निसरड्या जागी जोडायची! पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल नाही! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यांचा वेग वेगळा असायला लागतो, आणि इथे पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, काँक्रीटवर कुठून सुटणार? गाडी उड्या मारतेय, टायर किंचाळतायत, खालून कडकड ऐकू येतेय, आणि हा माझ्याकडे बघून म्हणतो, ‘बघा, ताकद बघा!’ मी म्हटलं, बंद करा आणि मला उतरवा. असा डेमो त्याने माझ्याआधी किती जणांना दिला असेल कोण जाणे.

मग ‘मॉडिफाइड’ गाड्या. इथे तर लूटच. गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, छतावर दिव्यांची माळ, आणि या सगळ्याचे पैसे गाडीच्या किमतीत चढवलेले. तुमची हौस, आणि बिल माझ्या नावाने? गाडी वर उचलली की चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, त्याचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, लवकर जातात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. नीट काम करणारा हे सगळं दुरुस्त करतो. बाकीचे स्प्रिंगखाली ठोकळे घालतात आणि फोटो काढतात. किंमत कमी करायला हवी खरं तर.

मोठ्या टायरांचा आणखी एक चोरटा फायदा, अर्थात विकणाऱ्याला. मूळ 30 इंची टायर काढून 33 इंची घातले आणि मीटर जुळवून घेतलं नाही, की गाडी 1,10,000 किलोमीटर पळाली तरी मीटर दाखवतं 1,00,000. काहीही न छेडता दहा हजार गायब! आणि ‘टायर नवेकोरे आहेत’ म्हणतात त्या टायरांच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नवेकोरे म्हणून दाखवलेल्या एका टायरवर 2314 होतं. 2014 सालचा तेविसावा आठवडा! नक्षी शाबूत, कारण गाडी उभीच होती, आणि बाजूला बारीक भेगांचं जाळं.

चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, ताजा काळा रंग हा तर आता शिष्टाचारच झालाय. ‘खास अंडरकोटिंग करून ठेवलंय.’ विकायच्या आदल्या आठवड्यातच बरी आठवण झाली! स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तर काही ठिकाणी टणटण आणि मागची स्प्रिंग जिथे टांगलेली असते त्या शॅकलपाशी भदभद. एकाने सांगितलं, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, गंजायचा प्रश्नच नाही. बॉडी, हो. 1948 मध्ये पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून तिचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे केले, पण चॅसी तेव्हाही पोलादीच होती. आणि हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की तिथलं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. म्हणजे न गंजणारी बॉडीसुद्धा जातेच, फक्त रंग वेगळा.

वेळ ठरवून जावं तर इंजिन आधीच गरम. प्रत्येकाला नेमकं मी यायच्या अर्धा तास आधी कुठेतरी जायचं असतं! थंड इंजिन सुरू होताना निघणारा धूर, खडखड, सगळं आधीच उरकून घेतलेलं. मेकॅनिकला सोबत आणतो म्हटलं की चेहरा पडतो. ‘विश्वास नाही का साहेब?’ नाही! तुमची-माझी ओळख आत्ता फाटकात झाली, विश्वास कुठून आणू?

आणि घरच्यांचं, मित्रांचं वेगळंच. ‘दुसरी गाडीच ना, कधीतरीच चालवणार, एवढं काय बघतोस?’ कधीतरी चालवणार म्हणूनच बघतोय ना! रोजची गाडी बिघडली तर लगेच कळतं. उभ्या गाडीची बॅटरी गुपचूप उतरते, ब्रेकची डिस्क गंजते, टायर एका जागी चपटे होतात, आणि हे सगळं कळतं कधी, तर मोबाइलला रेंज नसलेल्या जागी. नवा डिझेल असेल तर धुराच्या फिल्टरचं आणखी एक दुखणं: छोट्या छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही, काजळी जळत नाही, तुंबतो.

एवढं सगळं होऊन मी त्या सीटबेल्टवाल्याला शांतपणे भाव सांगितला. पाण्यात गेलेल्या गाडीचा जो असतो तो. तो चिडला. म्हणे, ‘तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही, ही शौकिनांची गाडी आहे.’ ठीक आहे. आज सकाळी त्याचाच मेसेज: ‘अजून इंटरेस्ट आहे का? दोन पार्ट्या रांगेत आहेत, लवकर सांगा.’ रांग आहे तर मला कशाला उठवतोस सकाळी सकाळी? दे ना त्यांना! आणि देताना तो पट्टा शेवटपर्यंत ओढून दाखव.