मनाचे दुखणे आणि रोजचा योगाभ्यास

योगासने केवळ शरीर लवचीक ठेवण्यापुरती असतात आणि मनाच्या दुखण्यावर त्यांचा उपयोग नाही, हे मत मला स्वानुभवामुळे मान्य करता येत नाही. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हा रात्री दोन-अडीचला जाग येऊन छातीत धडधड सुरू होत असे आणि पुढची झोप उडत असे. डॉक्टरांनी दिलेली औषधे मी नियमित घेतली, ती आवश्यकच होती. मात्र त्याच काळात धाकट्या बहिणीने मला नागपूरच्या रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या वर्गाला नेले. पहिल्या दिवशी शवासनात पडले असता डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांत साचले; शेजारच्या काकूंनी काहीही न विचारता आपला नॅपकिन माझ्या हातात दिला.

श्वास सोडण्याचा काळ वाढवला की हृदयाची गती मंदावते, हे मला पुढे कळले; परंतु भ्रामरी या प्राणायामातील भुंग्यासारखे गुंजन कपाळात घुमू लागले की धडधड ओसरते, हे त्याआधीच अनुभवास आले होते. हा बदल एका महिन्यात झालेला नाही. सलग झोप लागायला मला जवळजवळ आठ महिने लागले, आणि मध्ये खंड पडला की जुनी अस्वस्थता परतही येत असे. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीची फरशी पहाटे पाचलाही कोमटच असते, तरी मी सतरंजी तिथेच अंथरते, कारण यजमानांनी लावलेला मोगरा तिथे आहे.