एकवीस मोदकांची उधारी

चतुर्थीला मी एकवीस मोदक वळले. उकड मळण्यापासून सगळं. घर खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी ऋषीच्या भाजीला हातभारसुद्धा लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण सारायला हात उचलेना. घसा दुखतोय, ट्यूबलाइट डोळ्यांत टोचतेय, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतेय. विसर्जनाचे ढोल मी कानावर उशी दाबून ऐकले.

"परवा तर चांगली टुणटुणीत होतीस की गं!" इति जाऊबाई.

त्यांना काय बोलणार? मलाच हा हिशेब लागायला दोन वर्षं गेली. एमई/सीएफएस, म्हणजे 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' या विश्रांतीनेही न हटणाऱ्या थकव्याच्या दीर्घ आजारात श्रमाचा फटका बरेचदा लगेच बसत नाही, बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी बसतो आणि मग दिवसच्या दिवस, कधी आठवडेही हलत नाही. श्रम म्हणजे फक्त अंगमेहनत नव्हे हं. बँकेच्या कागदांत तासभर डोकं घातलं तरी तेच. कोविडनंतर कित्येकांच्या मागे हेच लागलंय.

आणि सल्ला एकच: "रोज थोडं थोडं चालणं वाढव."

हा सल्ला फक्त शेजारपाजारचा असता तर सोडून दिला असता. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर 'पेस' नावाची चाचणी झाली. व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवल्याने फायदा होतो, असा तिचा निष्कर्ष २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रुग्ण सांगत राहिले की आम्ही याने आणखी खाली जातोय. चाचणीची मूळ आकडेवारी २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने बाहेर काढावी लागली आणि फेरतपासणीत तो फायदा बराच आक्रसला. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या, उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने हा ठरावीक टप्प्यांचा व्यायाम या रुग्णांना देऊ नका, असं मार्गदर्शिकेत लिहिलं. दहा वर्षं! तोवर किती जण अंथरुणाला खिळले असतील, मला विचारही करवत नाही.

मला तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी मात्र गेल्याच वर्षी ट्रेडमिल सुचवली. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून.

माझं औषध म्हणजे सध्या ओट्याजवळचं स्टूल आणि मोबाइलचा गजर. दहा मिनिटांनी वाजला की हातातलं काम खाली, गवार अर्धी राहिली तरी. सासूबाई म्हणतात, "चेहऱ्यावर तर थकवा दिसत नाहीये."

"दिसायच्या आतच थांबायचं असतं, आई."

उरलेली गवार हल्ली त्याच मोडतात. कुरकुरत, पण मोडतात.