यंत्राला सूट, मंत्राला उलटतपासणी?

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्यावरच्या माझ्या लिखाणाला आलेली आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपला आक्षेप थोडक्यात असा की, प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे यान दिसले की मी मान डोलावतो आणि मंत्राने दार उघडले की नाक मुरडतो. दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य असताना एकीला विज्ञानाचा टिळा लावला आहे, एवढ्यावरच मी तिला सूट देतो. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ‘अद्भुतकथेत काहीही घडू शकते, म्हणून कशालाच किंमत उरत नाही’ हे माझे विधान सरसकट होते आणि ते मी मागे घेतो. मात्र कथेतली घटना शक्य की अशक्य, यावरून मी कथा जोखतो, हे आपले गृहीतक बरोबर नाही.

झ्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स या विज्ञानकथेच्या आद्य लेखकांचेच पाहा. व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत माणसांना तोफेतून चंद्राकडे पाठवले, तर वेल्सने १९०१ च्या कादंबरीत त्याच चंद्रप्रवासासाठी गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ नावाचा पदार्थ कल्पिला. आपण भौतिकशास्त्र वापरतो आणि वेल्स मात्र मनाने काहीतरी रचतो, अशी व्हर्नची तक्रार होती. पण व्हर्नची नऊशे फुटी तोफ प्रवाशांना गुरुत्वीय त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक जोराचा धक्का देईल, म्हणजे कागदावर शास्त्रीय असलेला तो प्रवास पहिल्याच क्षणी संपेल. वेल्सचा पदार्थ तर सरळसरळ अशक्य. तरीही तो तयार होताच त्याच्यावरच्या हवेचे वजन नाहीसे होते, आजूबाजूची हवा तिथे घुसून वर उसळते आणि घराचे छप्पर उडते. एक खोटी गोष्ट मान्य करून घेतल्यावर तिचे परिणाम लेखकाने इतक्या काटेकोरपणे भोगायला लावले आहेत की माझा अविश्वास गळून पडतो. जिथे काहीही घडू शकते तिथे काहीच रंजक उरत नाही, हा विचार स्वतः वेल्सनेच मांडला होता. (माझे मागे घेतलेले विधान म्हणजे त्याचीच बिघडलेली नक्कल होती, हे आता कळते.)

मंत्रालाही मी हाच निकष लावतो. मंत्र म्हणणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागत असेल आणि तो नियम शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकत असेल, तर माझी तक्रार नाही. नायक कोंडीत सापडताच आजवर न सांगितलेली शक्ती जागी होते, तिथे मी पुस्तक मिटतो. आणि ऐन वेळी एखादे अज्ञात किरण सापडणाऱ्या अवकाशकथेलाही हाच न्याय मिळायला हवा होता. तो मी दिला नाही, हे आपण अचूक पकडलेत.

अशा कथांमधली माणसे पातळ असतात, हे आपले दुसरे मत बऱ्याच कथांबाबत खरे आहे, पण वेल्सच्या त्या कथेचा निवेदक त्याला अपवाद ठरावा. तो दिवाळखोर व्यापारी आहे. गुरुत्वाकर्षणावर मात करता येईल हे ऐकताच तो कंपनी काढण्याची स्वप्ने पाहू लागतो, आणि चंद्रावरून परतताना तो सोने घेऊन येतो, तो पदार्थ बनवणारा शास्त्रज्ञ मात्र मागेच राहतो.