रहस्यकथा वाचून गिरणगाव बिघडलं नाही

गेल्या आठवड्यात भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "मावशी, आजोबा पण असलंच वाचायचे ना?" वीस वर्षांचा मुलगा, त्याने काही खोडसाळपणाने विचारलं नव्हतं. पण आईने चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला, फोन उलटा ठेवला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून तो मेसेज जात नाही.

तो तुमच्याकडेही आला असेल. 'गिरणगावचं काळं सत्य' असं वर लिहिलंय आणि खाली मुंबईतल्या आमच्या कापडगिरण्यांच्या भागाबद्दल पाच मुद्दे. एक, १९८२च्या गिरणी संपाने मुंबईला गुंड दिले. दोन, गिरणी कामगार अडाणी. वाचलंच तर स्वस्तातल्या रहस्यकथा, आणि त्यापायी त्यांच्या पोरांना खून-दरोड्यांची गोडी लागली. तीन, गुन्हेगारी कादंबऱ्या हाच त्या भागाचा खरा इतिहास. ग्लासगो घ्या नाहीतर डेट्रॉइट, कारखाने बंद पडले की माणसांची जनावरं होतात. चार, मराठी साहित्यिकांनी गिरणगावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाच, गिरण्या कामगारांनीच बुडवल्या. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' एवढं मात्र ठळक अक्षरांत आहे.

दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण आई उठून गेली ती तो वाचून.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. शिक्षण सातवीपर्यंत. आणि हो, रहस्यकथा वाचायचे, भरपूर वाचायचे. बाबूराव अर्नाळकर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हेसुद्धा मला वडिलांनीच सांगितलेलं. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं आमच्या घरात नात्यातल्या माणसांसारखी घेतली जायची. चाळीच्या खाली एका दुकानात दोन फळ्यांवर वाचनालय होतं. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली पुस्तकं, रोजाच्या भाड्याने मिळायची.

आमच्या समोरच्या गाळ्यात कोकणातले पंधरा-वीस गडी राहायचे. एकाची पाळी सुटली की त्याने आडवं व्हायचं, दुसऱ्याने उठून कामावर जायचं. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. वडिलांची पहिली पाळी असली की रात्री जेवणं उरकून गॅलरीत बल्बखाली बैठक जमायची. वडील मोठ्याने वाचायचे, बाकीचे गुडघे पोटाशी घेऊन ऐकायचे. पान उलटताना कोणी खोकलं तरी बाकीचे त्याच्याकडे वळून बघायचे. तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला की पुस्तक मिटायचं, मग खुनी सापडायला चार पानं का उरलेली असेनात. रातपाळीवाले डबा उचलून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापला संशयित घेऊन यायचा. एकदा एक जण आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "तो मुनीमच असतलो. चावी तेच्याकडेच होती ना!" रात्रभर साच्यापुढे उभं राहून त्याने ते शोधून काढलं होतं. पुस्तकात मुनीमच निघाला. त्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पण आदल्या रात्री ऐकलेली चावी त्याने लक्षात ठेवली होती.

याला मेसेजवाला अडाणीपणा म्हणतो. याच्यातून म्हणे गुंड तयार झाले.

शिवाय, या पुस्तकांचे वाचक फक्त चाळीत होते का? अर्नाळकर गिरगाव-दादरला वाचले गेले, पुण्या-कोल्हापुरात वाचले गेले. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर कॉलेजातल्या मुलांनी उशीखाली ठेवून वाचले. आज साठी-सत्तरीतले डॉक्टर, वकील, प्राध्यापक कौतुकाने सांगतात की आम्ही रात्र रात्र जागून रहस्यकथा संपवायचो. त्यांनी वाचलं तर तो वाचनाचा छंद आणि माझ्या वडिलांनी वाचलं तर ती गुन्हेगारीची शाळा? पुस्तक तेच, भाडं तेच, हात तेवढे वेगळे. या मुद्द्यात रहस्यकथेबद्दल एक अक्षरही खरं नाही. कामगाराच्या हातात पुस्तक दिसलं हेच त्याला खुपलंय.

आता पहिला मुद्दा. यात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. संपानंतर आमच्या आजूबाजूची काही पोरं टोळ्यांत गेली. कोण गेलं हे चाळीला माहीत होतं आणि त्यांच्या आयांची तोंडं मी जवळून पाहिली आहेत. पण 'संपाने गुंड दिले' हे साफ चूक. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. मटका मुंबईत साठच्या दशकापासून जोरात होता. बाबू रेशीम, रमा नाईक, अरुण गवळी हे त्रिकूट सत्तरच्या दशकातच भायखळ्याच्या बाजूला उभं राहिलेलं. टोळ्या आधीपासून होत्या. संपाने त्यांना रिकामे हात पुरवले. संपावर अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यांतले बहुतेक गावी गेले, भाजीच्या गाड्या लावल्या, वॉचमन झाले, बायकांनी पोळ्या लाटून दिल्या. त्या अडीच लाख घरांतून टोळीत गेलेली पोरं मोजायला घ्या, ती मोजून होतील, पण बाकीच्यांची रांग संपणार नाही. जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक हेच दाखवतं. गिरणी कामगार धुरीचं घर: एक मुलगा लेखक, एक क्रिकेटवेडा, एक मुलगी, आणि एक मुलगा टोळीत. चौघांत एक. मेसेजवाल्याला दिसला तो फक्त तो एक.

यावर नीट काही वाचायचं असेल तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं २००४ साली इंग्रजीत आलेलं, गिरणगावच्या शंभर वर्षांचं आणि शंभर आवाजांचं पुस्तक घ्या. 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावाने ते मराठीतही आहे. कामगार, कार्यकर्ते, शाहीर, घरातल्या बाया आपापल्या तोंडाने बोलतात. मी ते तीनदा वाचलंय. कुठे कोणाच्या आठवणीत गडबड असेलही, पण बोलणाऱ्या माणसांना नाव आहे, गिरणी आहे, खातं आहे. निनावी मेसेज आणि हे पुस्तक समोरासमोर ठेवलं की मला तरी जास्त वाद घालायची गरज वाटत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याचं निम्मं उत्तरही त्यातच आहे.

तिसऱ्या मुद्द्याचं उरलेलं निम्मं. गुन्हेगारी कादंबऱ्या मला मनापासून आवडतात, वडिलांकडूनच आलंय ते. गल्ली, बोली, मटक्याचा अड्डा, हप्ता घ्यायला येणाऱ्याची चाल, हे चांगला रहस्यलेखक असं टिपतो की अहवालात ते कधी सापडत नाही. पण त्याला पहिल्या प्रकरणात प्रेत लागतं. संपात तसं एक प्रेत नव्हतं. दीड वर्ष हळूहळू बंद पडत जाणारी चूल होती, भांडी गहाण टाकणं होतं, शाळेतून काढलेली पोर होती. कादंबरीत हे मावत नाही, त्यात कादंबरीची चूक नाही. तिला 'खरा इतिहास' म्हणून गळ्यात मारणाऱ्याची चूक आहे.

आणि ग्लासगोचं नाव घ्यायचंच असेल तर निदान वाचून घ्या. स्कॉटलंडमधल्या त्या शहरातली आधुनिक गुन्हेगारी कादंबरी सुरू झाली असं मानतात ती विल्यम मॅकिल्व्हॅनीच्या 'लेडलॉ'पासून, १९७७ साली. लेखक खाणकामगाराचा मुलगा. त्या कादंबरीत खुनी कोण हे सुरुवातीलाच कळतं. पुढची सगळी पानं तो असा का झाला यावर आहेत, आणि कादंबरीतला पोलीस अधिकारी त्या खुनी मुलाला राक्षस म्हणायला तयार होत नाही. माणसांची जनावरं होतात, याच्या नेमकं उलट सांगणारं पुस्तक यांनी साक्षीला बोलावलंय.

चौथा मुद्दा दोन ओळींत संपतो. मामा वरेरकरांची गिरणी कामगारांवरची कादंबरी 'धावता धोटा' आली तीसच्या दशकात. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेले नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे, भाऊ पाध्ये, जयंत पवार, एवढी नावं तरी कानावर आलेली असतात. ज्याने पाहिलंच नाही तो 'कोणी लिहिलं नाही' म्हणणार.

राहिला पाचवा. संप इतका ताणायला नको होता असं आमच्या चाळीतसुद्धा पुष्कळ जण म्हणायचे आणि त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पण रहस्यकथा वाचणाऱ्या घरातली मी. गुन्हा झाला की पहिला प्रश्न, फायदा कोणाचा झाला? कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होतं आणि गिरण्यांतली यंत्रं जुनीपुराणी झाली होती. गिरण्यांखाली मुंबईच्या मध्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांतला ५८ क्रमांकाचा नियम काढून वाचा. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची करायची, असं ठरलं. ज्या जमिनीवर शेड, चिमणी, गोदामं उभी होती ती वाटणीतून एका फटक्यात बाहेर गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. म्हाडाची कामगारांसाठी पहिली सोडत निघाली २०१२ साली, संप सुरू होऊन तीस वर्षांनी. तोवर अर्ज भरायचा तो कित्येकांच्या विधवांनी.

या काळातले दोन खूनही बघा. ७ मे १९९४ला गिरणीमालक सुनीत खटाव यांना भर दिवसा गोळ्या घातल्या, तेव्हा त्यांच्या भायखळ्याच्या गिरणीच्या जमिनीचा प्रश्न पेटलेला होता. १६ जानेवारी १९९७ला पवईत घराजवळ संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना मारलं. टोळ्यांचा पैसा आणि पिस्तुलं जमिनीच्या वासावर आली होती. त्या जमिनीतला एक चौरस फूटही चाळीतल्या पोरांच्या नावावर नव्हता.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, एक राहिलं. संपाच्या तिसऱ्या महिन्यात वडील वाचनालयाचं खातं बंद करून आले होते. भाडं परवडत नव्हतं. हातात होतं ते पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं, ते तसंच परत केलं, दोन रुपये अनामत होती ती घेतली आणि तिचं रॉकेल आणलं. गॅलरीतली बैठक मोडली ती तेव्हाच, गडी गावी जायच्याही आधी. त्यानंतर संपाच्या काळात आमच्या मजल्यावर एकाही घरात रहस्यकथा नव्हती. भाच्याला मी तेवढंच कळवलंय.