डबीतला सावळा रंग

परवा सांगलीहून ताईचा फोन आला. तिच्या भिशीत ‘ब्रिजर्टन’ या इंग्रजी मालिकेवरून चांगलीच जुंपली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनची गोष्ट, आणि राणी काळी, ड्यूक काळा, दुसऱ्या सीझनची नायिका तर आपल्यासारखी सावळी! “उद्या एखाद्या गोऱ्याला तुकाराम केलं तर चालेल का गं तुला?” ताईने विचारलं.

मला 2003 आठवलं. लंडनला नवीनच होते. नॅशनल थिएटरने दहा पौंडांत तिकिटं काढली म्हणून शेक्सपिअरचा ‘हेन्री पाचवा’ परवडला. राजा झाला होता एड्रियन लेस्टर, कृष्णवर्णीय नट. अंगावर आजच्या सैनिकांचा गणवेश, रंगमंचावर जीप, बाहेर इराकचं युद्ध. सुरुवातीची दहा मिनिटं मी त्याचा रंगच पाहत होते. पुढे राजा वेष पालटून रात्री छावणीत सैनिकांशी बोलत बसतो, तोवर रंग कुठल्या कुठे गेला. बालगंधर्वांना शकुंतला म्हणून डोक्यावर घेणारी माणसं आपल्याच पणजोबांच्या पिढीतली होती ना!

याच नॅशनल थिएटरमध्ये 1964 साली लॉरेन्स ऑलिव्हिएने अंगभर काळा रंग फासून शेक्सपिअरचा काळा नायक ऑथेल्लो केला होता. 2013 मध्ये तिथेच लेस्टर ऑथेल्लो झाला. ताईला मी हेच सांगितलं: गोऱ्या नटांना भूमिकांची वानवा कधीच नव्हती. काळ्या नटांना मात्र काळ्या माणसाची भूमिकासुद्धा मिळत नव्हती.

रंग न पाहता भूमिका देणं सगळ्याच कृष्णवर्णीय कलावंतांना पटतं असंही नाही. अमेरिकी नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी 1996 मध्ये प्रिन्स्टनच्या भाषणात याला कडाडून विरोध केला. गोऱ्यांच्या नाटकात आम्हाला जागा देण्यापेक्षा आमची नाटकं उभी राहायला पैसा द्या, हा त्यांचा आग्रह. त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. ‘फँड्री’चा जब्या सोमनाथ अवघडेच हवा होता, नागराज मंजुळेंनी गोष्टही आपली आणली आणि पोरगाही.

पण भिशीत ज्याच्यावर कुणी बोललं नाही, ते मला जास्त लागलं. 2019 मध्ये सुरू झालेली ‘रंग माझा वेगळा’ तिथल्या सगळ्याजणींनी पाहिली. सावळ्या मुलीची वणवण दाखवणारी मालिका, आणि नायिकेला मेकअपने सावळं केलेलं. त्याच वर्षी ‘बाला’त भूमी पेडणेकरला तसंच रंगवलं. अभिनय दोघींचाही चांगला आहे, राग त्यांच्यावर नाही. पण महाराष्ट्रात सावळी नटी मिळत नाही?

ताईची धाकटी पुण्यात नाटक करते. कॉलेजात असताना एकांकिकांत बक्षिसं मिळवलेली, रंगाने ताईवर गेलेली. गेल्या वर्षी एका मालिकेच्या ऑडिशनला नायिकेचं पान वाचलं. समोरच्यांनी वाहवा केली, आणि आठवड्याने निरोप आला, मोलकरणीच्या भूमिकेसाठी.

हे मी फोनवर काढलं तेव्हा ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तिने तिथे पाठवायला काढलेले फोटो मीच मोबाइलवर उजळ करून दिले होते गं.”