दिवसाला दोन फोन करणाऱ्याला स्मार्टफोन कशाला?

गावी आमच्या घरात सध्या एका गोष्टीवरून वाद चालू आहे. अप्पांच्या बटणांच्या फोनवरचे आकडे पुसले गेलेत आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. दादाचं म्हणणं, आता नवीन घ्यायचाच आहे तर स्मार्टफोन घेऊ. अप्पा म्हणतात, "मी दिवसात दोन फोन करणार, चार घेणार. त्याला दहा हजार घालायचे कशाला?" आई अप्पांच्या बाजूची, वहिनी दादाच्या. मी जर्मनीत न्यूर्नबर्गला राहते, म्हणून प्रकरण निवाड्यासाठी माझ्याकडे आलं. सोबत एक गृहीतकही आलं, की तिकडे म्हातारी माणसंसुद्धा सगळं मोबाइलवरच करत असतील.

तसं नाही. निदान माझ्या इमारतीत तरी नाही. खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. त्यांच्याकडे डोरो या स्वीडिश कंपनीचा घडीचा फोन आहे. ठसठशीत बटणं, पाठीवर अडचणीच्या वेळी दाबायचं एक वेगळं बटण, आणि चार्जिंगला एक छोटी बैठक. बारीक पिन चाचपडत घुसवायची नाही, फोन त्या बैठकीत नुसता उभा करायचा. सिम प्रीपेड. मिनिटाला ९ सेंट अशा दराची कार्डं इथे मिळतात. बोललात तेवढे पैसे जातात.

आता त्यांचे व्यवहार कसे चालतात ते बघा. जानेवारी २०२४ पासून जर्मनीत सरकारी आरोग्यविम्याच्या डॉक्टरांना औषधाची चिठ्ठी डिजिटल देणं सक्तीचं झालं. बाई औषधाच्या दुकानात जातात, विम्याचं कार्ड तिथल्या यंत्रात घालतात आणि दुकानदाराला पडद्यावर चिठ्ठी दिसते. ॲप आहे, पण ते घेतलंच पाहिजे असं नाही. कागदावर छापूनही मिळते. देशभरच्या लोकल गाड्या, बस आणि ट्राम यांना चालणारा मासिक पास मे २०२३ मध्ये सुरू झाला. तो बाईंकडे चिपच्या कार्डावर आहे, माझ्याकडे मोबाइलवर. तिकीट तपासनीस दोन्ही एकाच यंत्राने तपासतो.

बँकेचं तर मला फार आवडलं. २०१९ च्या सप्टेंबरपासून युरोपात ऑनलाइन व्यवहाराला दुहेरी पडताळणी बंधनकारक झाली. बहुतेकांनी बँकेचं ॲप घेतलं. बाईंनी कॅल्क्युलेटरएवढं एक यंत्र विकत घेतलं. त्यात बँकेचं कार्ड खुपसायचं, लॅपटॉपच्या पडद्यावर आलेलं चित्र त्या यंत्राला दाखवायचं. मग त्याच्या चिमुकल्या पडद्यावर पैसे कुठल्या खात्यावर आणि किती जाणार ते उमटतं. ते वाचून बटण दाबलं की सहा आकडे मिळतात. ते लॅपटॉपवर टाकले की व्यवहार पुरा. यंत्राला ना सिम, ना इंटरनेट, त्यामुळे दुरून त्यात शिरायला वाटच नाही. आपल्या पैशाचं शेवटचं बटण बाई स्वतःच्या बोटाने दाबतात, आणि त्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचतात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मन रेल्वे खिडकीवर स्वस्तातलं तिकीट घेणाऱ्याकडूनही ई-मेल किंवा मोबाइल नंबर मागू लागली. ग्राहक संघटनांच्या महासंघाने तिला कोर्टात खेचलं आणि जुलै २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने ती अट बेकायदेशीर ठरवली. तोपर्यंत रेल्वेचं सवलतीचं प्लास्टिकचं कार्ड मात्र बंद झालं होतं, जून २०२४ मध्येच. पार्सलं ठेवायच्या रस्त्यावरच्या काही नव्या कपाटांना पडदाच नाही, ती केवळ ॲपने उघडतात. सुपरमार्केटात काही सवलती ॲप असलेल्यालाच मिळतात. बीलेफेल्ड शहरातली डिजिटलकरेज ही संस्था तर स्मार्टफोनवाचून जगण्याचा हक्क राज्यघटनेत लिहा म्हणून सह्या गोळा करायला निघाली. इथली माणसं या गोष्टीसाठी भांडतात, आणि माझ्या मते रास्त भांडतात. मला स्वतःला स्मार्टफोनवाचून इथे चालणार नाही. सरकारी पत्र आलं की त्यातला अवघड परिच्छेद मी अजून भाषांतरासाठी कॅमेऱ्याखाली धरते. पण मला गरज आहे म्हणून खालच्या बाईंवर सक्ती व्हावी, हे मला पटत नाही.

आता गावाकडे येऊ. दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण तो घरात राहून जे निस्तरतो ते मला इथून दिसत नाही. ई-पीक पाहणीच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइल ॲपवरून करायची आहे. पूर्वी तलाठी बांधावर यायचा, किंवा यायला हवा होता. आता खातेदार निवडा, गट क्रमांक निवडा, हंगाम, पिकाचा वर्ग, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख भरा, आणि शेतात उभं राहून फोटो काढा. अप्पांना या प्रत्येक रकान्याचं उत्तर तोंडपाठ आहे. कुठल्या तुकड्यात सोयाबीन कधी पेरलं, पाणी विहिरीचं की पाटाचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. पण नोंद होते दादाच्या हातून, दादाला रविवारची सुट्टी असेल तेव्हा, आणि नेमकी तेव्हा रेंज असेल तर. नोंद हुकली की सातबाऱ्यावर पीक लागत नाही, मग पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडतं. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने अर्थसाहाय्य दिलं, तेव्हा सुरुवातीला याच नोंदी धरल्या होत्या.

म्हणजे आपल्याकडे जो माणूस फोन सगळ्यात कमी वापरतो, त्याचंच काम स्मार्टफोनवाचून अडतं. स्मार्टफोन परवडतो का, याचा हिशेब आपण वापराच्या तासांवर मांडतो आणि तिथेच वाद भरकटतो. तो हिशेब मांडायला हवा दोन प्रश्नांवर. त्याच्यावाचून कुठलं दार खरोखर बंद होतं? आणि ते दार उघडायला आपण आपल्या वतीने कुणाच्या हातात काय देतो? पाहणीचा फोटो पोराने काढला तर काही बिघडत नाही. पण एटीएमचा पिन पुतण्याला माहीत, आधारचा ओटीपी सेवा केंद्रातल्या मुलाला वाचून दाखवलेला, पासबुक तिसऱ्याच कुणाकडे, हे गावोगाव चालतं आणि त्याला आपण मदत म्हणतो.

यात एक गैरसमज सर्रास दिसतो. ओटीपी येतो म्हणजे स्मार्टफोन हवा, असं लोक धरून चालतात. ओटीपी एसएमएसने येतो आणि एसएमएस बटणांच्या फोनवर व्यवस्थित येतो. अडतं ते नंबरपाशी. लाडक्या बहिणीची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्या भावकीतल्या बायकांची धावपळ झाली ती फोन साधा होता म्हणून नव्हे. आधारला जोडलेला नंबर कधीकाळी दिराचा दिलेला, कुणाचा माहेरचा, कुणाचा रिचार्जवाचून बंद पडलेला. शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी जाणार. घरात नवा हँडसेट आणण्याआधी प्रत्येकाचा स्वतःचा चालू नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला आहे का, हे बघणं जास्त गरजेचं आहे. त्याला दहा हजार लागत नाहीत.

पैशाचं म्हणाल, तर हँडसेट एकदाच घ्यायचा असतो, रिचार्ज जन्माचा. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि बहुतेक पॅकांत डेटा गळ्यात बांधलेलाच होता. अप्पांसारखा माणूस न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे महिनोन्महिने भरत होता. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने आदेश काढला, की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवायलाच हवं, आणि अशा पॅकची मुदत वर्षभरापर्यंत असू शकेल. जानेवारी २०२५ पासून तशी पॅक मिळू लागली. दुकानदार आपण होऊन ती सांगतोच असं नाही, मागून घ्यावी लागतात. यूपीआयसाठीही रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोय आणली. नाव १२३पे, आणि एका वेळची मर्यादा आता १०,००० रुपये आहे. आमच्या बाजारपेठेत ती वापरणारा माणूस मला भेटलेला नाही, कारण ती दाखवून द्यायला कुणी येतच नाही.

मधला मार्गही अरुंद झाला. बटणांचाच फोन, पण त्यावर व्हॉट्सॲप, अशी सोय जिओफोनवर काही वर्षं होती. २०२४ च्या जूनमध्ये व्हॉट्सॲपने त्या प्रणालीवर नवीन ॲप देणं थांबवलं आणि पुढे जुन्यांचंही बंद झालं. दुसऱ्या बाजूला, स्मार्टफोनची जोखीमही कमी वापरणाऱ्यालाच जास्त. लग्नपत्रिका किंवा दंडाचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन तुम्ही अटकेत आहात म्हणून दिवसभर बसवून ठेवतो. रोज फोन हाताळणाऱ्याला काहीतरी खटकतं तरी. आठवड्यातून एकदा उघडणारा माणूस समोर येईल ते खरं मानतो, कारण नेहमीचं कसं दिसतं हेच त्याला ठाऊक नसतं. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, फोन कुठलाही असो.

या वादात आईला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. ती अप्पांच्या बाजूने बोलत होती ती पैसे वाचावेत म्हणून. माझ्याशी आणि माझ्या लेकीशी ती बोलते वहिनीच्या फोनवर, वहिनी शाळेतून आल्यावर, वहिनी स्वयंपाकाला लागायच्या आधी. समोर वहिनी उभी असते, बिचारी चांगल्या मनाने फोन धरून. अशा वेळी आई माझ्याशी गुडघ्याबद्दलही नीट बोलत नाही. स्मार्टफोनची खरी गरज तिला आहे, मग ती दिवसातून अर्धा तासच का वापरेना.

म्हणून मी दादाला सांगितलं ते असं. अप्पांना नवा बटणांचाच फोन घे, पण ४जी घे, कारण जुन्या तंत्रावर चालणारे फोन जगभर मोडीत निघताहेत. जर्मनीत ३जी २०२१ मध्येच बंद झालं. अप्पांचा आधार आणि बँकेचा नंबर त्याच फोनमध्ये राहू दे, बोलण्याचं वर्षभराचं पॅक टाक. आईला एक साधा स्मार्टफोन घे, तिच्या नावावरच्या वेगळ्या सिमचा. त्यात बँकेचं काहीही नको. पीकपाहणीही त्यावरूनच होईल, आणि अप्पांना शेतात बरोबर नेऊन, म्हणजे रकाने तेच सांगतील. दोन रिचार्ज पडतील हे खरं. माझ्या दृष्टीने तो खर्च फसवणुकीच्या भीतीपेक्षा स्वस्त आहे. आईचं रिचार्ज मी इथून भरीन. दादा तयार झाला. वहिनीचं म्हणणं की आईला शिकवणार ती स्वतःच.

पण ज्या घरात दादाही नाही आणि परदेशात कुणी नाही, तिथलं काय? त्यांच्यासाठी सरकारी कामाला दुसरं दार असायलाच हवं, आणि आपल्याकडे ते जमतं. निवृत्तिवेतनवाल्यांचा हयातीचा दाखला बघा. चेहरा दाखवून मोबाइलवरून देता येतो, पोस्टमन घरी येऊन घेतो, आणि बँकेत जाऊन कागदावरही देता येतो. पीकपाहणीलाही राहिलेल्या नोंदी करायला गावपातळीवर सहायक नेमतात. पण तो कोण, कुठल्या दिवशी कुठे भेटतो, हे अप्पांच्या वयाच्या माणसांना कुणी सांगत नाही.

आमच्या शेजारच्या, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत मोबाइल-टीव्ही बंद होतात. फोन किती वापरायचा हे गाव एकत्र बसून ठरवू शकतं, तर फोन नसलेल्याचं काम कसं करायचं हेही ठरवू शकतं. १५ ऑगस्टची ग्रामसभा खरिपाच्या पीकपाहणीच्या मुदतीतच येते. त्या सभेत एवढाच ठराव मांडावा, असं मी दादाला लिहिलं आहे: मुदत संपेपर्यंत दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, सहायकाने ग्रामपंचायतीत बसावं, आलेल्या माणसाबरोबर शेतात जावं, नोंद झाल्याचा कागद त्याच्या हातात द्यावा, आणि हा वार शाळेच्या फळ्यावर, दूध डेअरीत आणि सोसायटीच्या दारावर लिहिलेला असावा.