मृत्युपत्र बदलतेय, दरोडा नाही घालत!

वय ७१. हे गेले, म्हणून जुनं मृत्युपत्र बदलायचं आणि त्यात एक ओळ घालायची: पाच लाख गावच्या वाचनालयाला. बस्स. एवढ्यासाठी दीड महिना नाचवलंय मला सगळ्यांनी.

वकिलाचा पहिला प्रश्न, "मुलांना विचारलंत का?" का विचारू? छत्तीस वर्षं शाळेत खडू झिजवून मिळवलेले पैसे आहेत, स्वकष्टाचे. १९२५ चा वारसा कायदासुद्धा मुलांची परवानगी आणा म्हणत नाही, आणि हा कालचा पोरगा मला विचारतोय!

कायद्याला काय हवं? माझी सही आणि दोन साक्षीदार. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. पण साक्षीदार मिळवून दाखवा! समोरची, जी दर दोन दिवसांनी विरजण मागायला येते, ती म्हणते, "काकू, असलं अभद्र कशाला बोलता?" खालच्या मजल्यावरच्यांना कोर्टाचं लचांड नको. अहो, सही करायची आहे, जामीन नाही राहायचं!

वाचनालयाची तर वेगळीच तऱ्हा. वकील म्हणाला, संस्थेचं नोंदणीतलं नेमकं नाव आणि नोंदणी क्रमांक घाला, नाहीतर उद्या वाद. बरोबरच आहे. फोन केला. पाटीवर 'सार्वजनिक', पावतीवर 'मोफत', लेटरहेडवर दोन्ही. धर्मादाय आयुक्तांकडे कुठलं नाव आहे ते कार्यवाहांनाच माहीत नाही! वर सल्ला, "काकू, आत्ताच जीपे करा ना." म्हणजे म्हातारपणी दवाखान्याचं बिल तुम्ही भरणार का?

शेवटी म्हटलं, मागाहून भांडणं नकोत, नोंदणीच करून टाकू. दुय्यम निबंधकांकडे साडेदहाला टोकन घेतलं. सर्व्हर डाऊन. साडेतीनला नंबर लागला, तर यंत्रावर अंगठा उमटेना. पुसला, फुंकर मारली, पदराला घासला. नाहीच. ऑपरेटर मान वर न करता म्हणतो, "आजी, रात्री क्रीम लावून उद्या या." अरे, जन्मभर भांडी घासून गेल्यात त्या रेषा, एका रात्रीत कुठून आणू?

आणि काल थोरल्याचा फोन. "आई, वकिलाकडे गेली होतीस म्हणे?"

कोणी सांगितलं ते मला पक्कं ठाऊक आहे. येऊ दे आता विरजण मागायला.